हातात किती येतात?

आमच्या घरी नोकरीची कुठलीही बातमी आली की पप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हातात किती येतात?" हुद्दा काय, ऑफिस कुठं, साहेब कसा, हे सगळं नंतर. मावशीच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली तेव्हा मावशीनं फोनवर मोठ्या कौतुकानं त्याचं पॅकेज सांगितलं. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवायच्या आधी विचारलंच, "ते चांगलंच झालं गे, पण महिन्याला हातात किती?" मावशीला सांगता आलं नाही. मला मात्र त्या प्रश्नाची फार लाज वाटायची. मी साहित्याची विद्यार्थिनी. माणसाच्या कामाची किंमत अशी हातात धरून मोजायची म्हणजे मला कसंतरीच व्हायचं.

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. वाङ्मय मंडळाच्या अंकात पगार, पीएफ आणि इएसआय यांचं काय काम, असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण गेल्या मार्चमध्ये आमच्या घरात जे घडलं त्यानं मला जेवढा विचार करायला लावला, तेवढा अभ्यासक्रमातल्या कुठल्याही कादंबरीनं लावला नाही. म्हणून लिहितेय.

आमची दीदी उद्यमबागेतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. बी.कॉम. झाल्यावर लागली, आणि नोकरी करता करता बाहेरून एम.कॉम. केलं. फी स्वतःच्या पगारातून भरली. रात्री जेवणं झाल्यावर ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तकं मांडून बसायची आणि मम्मी तिच्याजवळ कॉफीचा कप ठेवून झोपायला जायची. निकाल लागला, आणि मार्चमध्ये कंपनीनं तिला सीनियर केलं. पगार २०,५०० वरून २२,५००. पत्र हातात पडलं तो उपवासकाळातला शुक्रवार होता. आम्ही चर्चमधून क्रुसाची वाट करून परतलो, तर दीदी टेबलाशी एकटीच बसलेली. समोर पत्र आणि कॅलक्युलेटर. पाहिलं तर डोळे लाल.

मम्मी घाबरली. "काय झालंय म्हणून रडालीस? पगार वाढलाय न्हवं?"

"वाढलाय म्हणूनच," दीदी म्हणाली.

गोष्ट अशी होती. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल तर कामगार इएसआयच्या म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या कक्षेत येतो. २०१७ च्या जानेवारीपासून ही मर्यादा आहे. दीदी २०,५०० वर होती, म्हणजे आत होती. तिच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जायचे, कंपनी ३.२५ टक्के घालायची. तिचे १५४ रुपये आणि कंपनीचे ६६७, मिळून महिन्याला ८२१ रुपये. तेवढ्यात दीदीचा, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचा दवाखाना निघत होता. दोन वर्षांपूर्वी पप्पांच्या छातीत दुखलं तेव्हा इएसआयनं पाठवलेल्या हॉस्पिटलात त्यांची अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, आणि आम्हाला एक रुपया भरावा लागला नाही. तेव्हापासून त्यांच्या हृदयाच्या आणि साखरेच्या गोळ्या दर महिन्याला इएसआयच्या दवाखान्यातून येतात. त्याच गोळ्या मेडिकलमधून आणल्या तर साधारण २,८०० होतात. दवाखान्यात एकदा साठा नव्हता, तेव्हा आणल्या होत्या, म्हणून माहीत.

आता दीदीनं कॅलक्युलेटरवर काय केलं होतं ते बघा. आधी हातात यायचे २०,५०० वजा पीएफ १,८०० वजा इएसआय १५४, म्हणजे १८,५४६. आता येणार २२,५०० वजा १,८००, म्हणजे २०,७००. वाढ २,१५४ रुपये. पण पगार २१,००० च्या पलीकडे गेला म्हणजे इएसआय बंद. गोळ्यांचे २,८०० घरातून. म्हणजे एम.कॉम. करून, बढती मिळून, घराला महिन्याला ६४६ रुपयांची खोट. शिवाय पुन्हा हॉस्पिटलची वेळ आली तर काय, हा प्रश्न वेगळाच. कंपनीचा गटविमा होता, पण तो फक्त कर्मचाऱ्यापुरता. ओळखीच्या एजंटला विचारलं तर त्यानं पप्पांच्या वयाला आणि स्टेंटला धरून वर्षाचा जो हप्ता सांगितला तो दीदीच्या दीड महिन्याच्या पगारापेक्षा जास्त होता, आणि वर पहिली काही वर्षं जुन्या आजाराचं काही मिळणार नाही म्हणाला.

"मग नको म्हणून सांगू काय?" दीदीनं विचारलं. "पाचशेच वाढवा म्हणते. एकवीसच्या आत राहीन."

पप्पा दारातच उभे होते. हातातली टोपी अजून काढून ठेवली नव्हती. ते एवढंच म्हणाले, "माझ्या गोळ्यांपायी पोरीचा पगार वाढू नये, असं कुठं असतं काय गे?" आणि आत गेले.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्याकडे त्या सत्रात ओपन इलेक्टिव्ह म्हणून श्रम अर्थशास्त्राचा एक छोटा पेपर होता. खरं सांगायचं तर वेळापत्रकात बसला म्हणून घेतला होता. त्या रात्री मी नोट्स काढून पहिल्यांदा स्वतःसाठी वाचल्या.

सुरुवात ॲडम स्मिथपासून होते. १७७६ मध्ये आलेल्या 'द वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये तो वेगवेगळ्या कामांचे पगार वेगवेगळे का असतात याची पाच कारणं देतो. काम सुखाचं की कष्टाचं, ते शिकायला किती वेळ आणि पैसा लागतो, काम कायमचं मिळतं की अधूनमधून, त्यात विश्वास किती टाकावा लागतो, आणि त्यात यश मिळण्याची शक्यता किती. मला गंमत वाटली ती ही, की शिक्षण आणि कामाच्या अटी स्मिथनं एकाच यादीत घातल्यात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की पगार हा एकटा आकडा नसतो. नोकरीतलं जे वाईट असेल त्याची भरपाई पगारानं होते, आणि जे चांगलं असेल त्याची किंमत पगारातून वजा होते. ज्या नोकरीत आजारपणाची, म्हातारपणाची सोय आहे तिथं रोख थोडं कमी मिळेल. जिथं काहीच सोय नाही तिथं रोख जास्त मिळायला पाहिजे.

शिक्षणाबद्दल दोन मतं आहेत. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या 'ह्यूमन कॅपिटल' या पुस्तकात शिक्षणाला भांडवल म्हटलं. माणूस स्वतःत पैसा गुंतवतो, त्याची कामाची ताकद वाढते, म्हणून पगार वाढतो. जे शिक्षण कुठल्याही कंपनीत चालतं त्याचा खर्च माणूस स्वतः करतो, कारण मालकानं केला आणि माणूस दुसरीकडे गेला तर मालकाचे पैसे बुडाले. दीदीच्या एम.कॉम.ची फी कंपनीनं का भरली नाही, याचं उत्तर मला तिथं मिळालं. दुसरं मत मायकेल स्पेन्स यांचं, १९७३ चं. ते म्हणतात, पदवी म्हणजे खूण. मालकाला माणसाच्या आतलं दिसत नाही, म्हणून तो कागद बघतो. हेही मला पटलं, कारण दीदी जीएसटीचे रिटर्न एम.कॉम.च्या आधीपासूनच भरत होती. काम तेच होतं. कागद आल्यावर त्या कामाला सीनियर हे नाव मिळालं.

बेकर खरे की स्पेन्स, यावर परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न येतो. पण आमच्या टेबलावरचा प्रश्न दोघांच्याही पलीकडचा होता. शिक्षणानं पगार वाढवला, आणि पगारानं सवलत काढून घेतली. तीन वेगळे धडे म्हणून शिकलेल्या गोष्टी आमच्या घरात एकाच दोरीला बांधलेल्या होत्या. एक ओढली की दुसरी सैल व्हायची.

इएसआयचा एक गुण मला त्या रात्री लक्षात आला. तिथं पैसे घेताना पगार बघतात, औषध देताना आजार बघतात. दहा हजारवाल्याकडून ७५ रुपये, वीस हजारवाल्याकडून १५०, पण स्टेंट दोघांनाही तोच. मत्तयच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. सकाळपासून राबलेल्याला एक दिनार, आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही एक दिनार. लहानपणी मला तो मालक अन्यायी वाटायचा. आता वाटतं, एक दिनार म्हणजे एका घराचा एका दिवसाचा खर्च. उशिरा आलेल्याच्या घरी जेवणारी तोंडं काही कमी नव्हती. आणि तो उशिरा का आला, तर त्याला कुणी कामावर बोलावलंच नव्हतं. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या पत्रात हाच धागा धरला होता, की दोघांनी ठरवला म्हणून पगार न्याय्य होत नाही, कामगाराचं काटकसरीनं का होईना पण भागलं पाहिजे. फक्त आपल्या विम्याच्या मळ्याला कुंपण आहे, आणि त्यावर २१,००० असा आकडा लिहिलाय.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी शेजारच्या अंकलकडे गेले. अंकल पप्पांच्याच वयाचे, एका मोठ्या कारखान्यात कायम होते, आता निवृत्त. मला विचारायचं होतं की इएसआय बंद झाल्यावर लोक काय करतात. अंकल म्हणाले, "माझं चालूच आहे की. वर्षाला १२० रुपये भरतो. मला आणि आंटीला दोघांना."

मला आधी खरं वाटलं नाही. पण नियम तसाच आहे. किमान पाच वर्षं विम्यात राहून जो वयोमानानुसार निवृत्त होतो, त्याला आणि त्याच्या जोडीदाराला महिन्याला १० रुपयांप्रमाणे वर्षाचे १२० रुपये भरून उपचार चालू ठेवता येतात. मी तिथंच उभी राहून हिशेब केला. पप्पांनी फाउंड्रीत तीस वर्षांच्या वर काढली. भट्टीसमोर, वाळूत, मोल्डिंगला. त्यातली फक्त पाच वर्षं ते विम्यात असते तर आज दीदीच्या पगाराला आणि पप्पांच्या गोळ्यांना एकमेकांशी काही देणंघेणंच राहिलं नसतं.

मग ते विम्यात का नव्हते? हे मी मम्मीला विचारलं. मम्मी भाजी निवडत होती. हात न थांबवता तिनं सांगितलं.

२००२ साल. दीदी चार वर्षांची, मी अजून जन्मायची होते. पप्पा ठेकेदाराकडे होते. ठेकेदारानं सगळ्यांना बोलावून सांगितलं की दोन हजेऱ्या होणार. एका हजेरीत नाव घातलं तर पीएफ, इएसआय कट होणार. दुसऱ्या हजेरीत नाव घातलं तर कट नाही, आणि वर रोजाला पंधरा रुपये जास्त हातात. ज्याला जे पाहिजे ते घ्या. पप्पा सातवी शिकलेले. त्यांनी पंधरा रुपये घेतले. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ३९० रुपये. आणि त्याच जूनमध्ये दीदीचं नाव इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलं. पुढं माझंही.

"ते पैसे शाळेलाच गेले गे," मम्मी म्हणाली. "कधी दुसरीकडे नाही खर्च केले."

मी काही बोलू शकले नाही. माझ्या नोट्समध्ये हे सगळं होतं. लॉरेन्स समर्स यांचा १९८९ चा लेख आहे. त्यात ते म्हणतात की कायद्यानं मालकावर एखादी सवलत द्यायची सक्ती केली, आणि कामगारांना त्या सवलतीची किंमत वाटत असली, तर तिचा खर्च शेवटी बराचसा कामगाराच्याच पगारातून वळता होतो. म्हणजे विमा आणि रोख ही एकाच पिशवीतली दोन नाणी. ठेकेदार तेच तर म्हणत होता, फक्त अर्थशास्त्र न शिकता. स्मिथच्या हिशेबानं पाहिलं तर पप्पांना सोय नसलेल्या कामाची भरपाई मिळत होती. रोज पंधरा रुपये.

पण या सुंदर हिशेबात दोन भोकं आहेत. पहिलं म्हणजे ही निवड ठेकेदारानं द्यायची नव्हतीच. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, राज्य विम्याचा १९४८ चा. जो कारखाना आणि जो पगार त्या कायद्यात बसतो, तिथं कामगाराला विचारायचा प्रश्नच नसतो. नाव घालावंच लागतं. जे पप्पांच्या हक्काचं होतं ते त्यांना पंधरा रुपयांना परत विकलं गेलं, आणि आपण फायद्यात आहोत असं त्यांना वाटलं. दुसरं भोक शिक्षणाचं. स्मिथची भरपाई ज्याला दुसरीकडे जाता येतं त्याला मिळते. ज्याला जागा बदलता येत नाही, नियम वाचता येत नाही, त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा कष्टाचं काम, कमी पगार आणि शून्य सोयी असं तिन्ही एकदम येतं. आपल्या देशाच्या श्रमबल सर्वेक्षणाचे अलीकडचे अहवाल बघा. शेतीबाहेरच्या नियमित पगारी नोकऱ्यांतसुद्धा निम्म्याहून अधिक लोकांना लेखी करार नाही, आणि निम्म्याहून अधिक लोकांना कुठलीच सामाजिक सुरक्षा नाही. रोजंदारीवाल्यांची तर गोष्टच सोडा. म्हणजे सिद्धान्त म्हणतो तशी अदलाबदल फार थोड्यांच्या नशिबी असते.

एवढं सगळं मनात घेऊन मी संध्याकाळी पप्पांजवळ बसले. मला वाटलं होतं सांगू नये. एकसष्ट वर्षांच्या माणसाला, तू तेव्हा चुकलास, असं सांगून काय मिळणार? पण पप्पांनीच विषय काढला.

"अंकलकडे गेली होतीस न्हवं? एकशेवीस रुपये म्हणून सांगितलं असेल."

त्यांना माहीत होतं. अंकल निवृत्त झाले तेव्हापासूनच माहीत होतं.

"वाईट वाटतं काय पप्पा?"

पप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला तेव्हा हे कुणी सांगितलं नाही, हे खरं. पण सांगितलं असतं तरी मी पंधरा रुपयेच घेतले असते. शाळेची फी दहा तारखेला भरायची असायची बघ. म्हातारपण काय दहा तारखेला येत नव्हतं."

मी शिकलेली होते आणि माझ्या डोक्यात असं होतं की अडाणीपणामुळे पप्पा फसले. अर्धं खरं होतं. ते फसवले गेले हे खरंच. पण ते अडाणी नव्हते. त्यांनी आपला विमा विकून आमचं शिक्षण घेतलं, आणि काय विकतोय हे त्यांना पुसटसं का होईना कळत होतं. 'मानवी भांडवल' हा शब्द मी पाठ केला होता. ते भांडवल कुणाच्या अंगातून काढलं गेलं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. दीदी आणि मी, आम्ही दोघी म्हणजे पप्पांचा न भरलेला इएसआय. दीदीच्या कार्डावर गेली काही वर्षं ज्या गोळ्या येत होत्या, ती त्यांना मिळत असलेली पेन्शनच होती म्हणायची. आणि नेमकी तीच आता दीदीच्या बढतीमुळे बंद व्हायला आली होती.

"पण एक ऐक," पप्पा म्हणाले. "एवढं करून शिकवलं ते काय पाचशेची वाढ मागायला? बढती घ्यायची. माझं मी बघतो."

पण पप्पांना काही बघावं लागलं नाही, कारण रविवारी मिस्साहून आल्यावर दीदीनं इएसआयचे नियम काढले. ती रडणारी शुक्रवारची दीदी नव्हती. ती अकाउंट्सवाली दीदी होती. तिनं एक कागद घेतला आणि आम्हाला समजावलं.

इएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत असतं. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्या तुकड्यात भरलेल्या पैशांवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत लाभ, दुसऱ्या तुकड्यातल्या पैशांवर जुलै ते डिसेंबर. आणि महत्त्वाचं म्हणजे, तुकडा सुरू झाल्यावर मध्येच पगार २१,००० च्या वर गेला तरी तो तुकडा संपेपर्यंत कामगार आतच राहतो. वर्गणी तेवढी वाढलेल्या पगारावर कापतात. दीदीची वाढ १ एप्रिलपासून धरली तर ती त्याच दिवशी बाहेर, आणि गोळ्या डिसेंबरपर्यंत. तीच वाढ १ मेपासून धरली तर सप्टेंबरपर्यंत आत, आणि गोळ्या पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत.

"एका महिन्याची वाढ सोडायची," दीदी म्हणाली. "दोन हजार जातील. सहा महिने दवाखाना मिळेल." गोळ्यांचेच सहा महिन्यांचे १६,८०० होतात.

सोमवारी तिनं साहेबांना कारण सांगून विनंती केली. महिनाभर कमी द्यायचं म्हटल्यावर त्यांची काही हरकत नव्हती. नव्या पत्रावर तारीख आली १ मे. कामगार दिन, आणि आपल्याकडे कामकरी संत जोसेफचा सण. मम्मीनं त्याचा लगेच अर्थ लावला. मी लावला नाही, पण मिस्साला गेले.

त्याशिवाय दीदीनं जनऔषधी केंद्रात पप्पांची चिठ्ठी दाखवून भाव काढून आणला. तीच औषधं कंपनीच्या नावाशिवाय, महिन्याला ९०० च्या आसपास. म्हणजे पुढच्या जूननंतरसुद्धा वाढीतले बाराशे-साडेबाराशे उरतील. मोठ्या आजारपणाचा प्रश्न तसाच आहे, तो मी इथं सुटला म्हणून सांगणार नाही. त्यासाठी दीदी वाढीतले उरलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकते, आणि त्या खात्याला घरात कुणी हात लावत नाही.

या सगळ्यात मला शिक्षणाचा जो उपयोग दिसला तो बेकर आणि स्पेन्स दोघांच्याही पानांवर मला सापडला नव्हता. पप्पांनाही दीदीसारखीच निवड करावी लागली होती, रोख की विमा. पप्पांसमोर दोनच दारं होती, आणि दोन्ही ठेकेदारानं दाखवलेली. दीदीनं नियम वाचला आणि तिसरं दार शोधलं. तिला बढती नाकारावी लागली नाही, तारीख तेवढी बदलावी लागली. शिक्षणानं तिचा पगार दोन हजारांनी वाढला, हे पत्रावर लिहिलेलं आहे. पण पगार म्हणजे काय हे तिला वाचता आलं, हे कुठल्या पत्रावर लिहिलेलं नाही.

आता माझं शेवटचं वर्ष. गेल्या महिन्यात कॉलेजमध्ये एक कंपनी मुलाखतींना आली होती. वर्षाला तीन लाख म्हणाले. वर्गात सगळे खूश. मी घरी येऊन मागच्या पानावर मांडणी केली, तुम्हीही करून बघा. तीन लाख म्हणजे महिन्याला २५,०००. मूळ पगार १५,००० धरला तर त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ७२२ आधीच आत मोजलेले असतात. राहिले २२,४७८. त्यातून आपल्या वाट्याचा पीएफ १,८००. हातात २०,६७८. आणि २२,४७८ हा आकडा कुंपणाच्या पलीकडचा, म्हणून इएसआय नाही. गटविम्याचा हप्ता कापणार असतील तर अजून कमी. ही फसवणूक नव्हे. पीएफ आपलाच असतो, ग्रॅच्युइटीही मिळते, तितकी वर्षं राहिलो तर. पण तीन लाख आणि २०,६७८ यांच्यामध्ये काय काय आहे ते विचारायला पाहिजे. कुठला पैसा आज, कुठला म्हातारपणी, कुठला आजारात, आणि कुठला फक्त कागदावर.

मुलाखतीच्या शेवटी त्या मॅडमनी विचारलं, "तुला काही विचारायचंय?" माझ्या आधीच्या मुलांनी कंपनीच्या वाढीबद्दल वगैरे विचारलं होतं. मी विचारलं, "महिन्याला हातात किती येतील? आणि विम्यात आई-वडील धरता काय?"

मॅडम हसल्या. पण त्यांनी कागद काढून नीट सांगितलं. आई-वडील धरत नाहीत म्हणाल्या. मी थँक्यू म्हणून बाहेर आले. निकाल अजून लागायचाय.

घरी पप्पांना सांगितलं. ते गोळ्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरत होते. सोमवार, मंगळवार, बुधवार. त्यांनी वर न बघता विचारलं, "मग? हातात किती म्हणाले?"

या वेळी मला लाज वाटली नाही. मी आकडा सांगितला, आणि बाकीचं कशात जातं तेही सांगितलं. पप्पांनी डबीचं झाकण लावलं. "नीट विचारलंस," म्हणाले.